खालचा रॅम लावला

१

मंगळवारी सकाळी साडेआठला चाचणीत दाबाचा काटा तीन हजारांवर चढला, दोन मिनिटं थांबला आणि सगळ्यांच्या देखत खाली घसरायला लागला. पंपवाल्याने पुन्हा पाणी दाबलं. काटा पुन्हा चढला, पुन्हा घसरला. तिसऱ्या खेपेला साहेबांनी हात वर केला आणि म्हणाले, "झाकण उघडा. बघू आत काय झालंय."

मी या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवरचा स्टोअरकीपर. नटबोल्ट, रबरं आणि माणसांच्या कुरकुरी सांभाळणं हे माझं काम, विहिरीच्या तोंडाशी नाक खुपसणं नाही. पण त्या दिवशी गेलो, कारण आतलं नवं रबर आदल्याच दिवशी माझ्या हातून गेलं होतं.

तेलविहिरीच्या तोंडावर एक जाडजूड लोखंडी मनोरा असतो, त्याला आम्ही बीओपी म्हणतो. खालून वायू उसळला तर त्याला तिथल्या तिथे अडवायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या पोटात रॅम असतात. रॅम म्हणजे समोरासमोरचे दोन पोलादी ठोकळे. तेलाचा दाब दिला की दोन्हीकडून सरकत येतात आणि मधल्या पाइपाला मिठी मारतात. प्रत्येक ठोकळ्याच्या तोंडाला अर्धगोल खाच असते आणि त्या खाचेला जाड रबर. दोन अर्धगोल जुळले आणि रबर दाबलं गेलं की मुंगीलाही वाट राहत नाही. रबर फाटलं तर उरतं नुसतं लोखंड, आणि नुसत्या लोखंडाला वायू जुमानत नाही. आमच्या रिगवर साठ माणसं काम करतात.

झाकणाचे बोल्ट तात्यानेच सोडले. तात्या म्हणजे आमचा फिटर, चौतीस वर्षांचा अनुभव आणि माझा त्याहून जुना मित्र. सोमवारी सकाळी जुनं रबर बदलून ठोकळे आत घातले होते तेही त्यानेच. ठोकळा बाहेर आला तेव्हा रबर खालच्या ओठासारखं पुढे लोंबत होतं आणि दोन जागी फाटलं होतं.

साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. साहेब शहरातल्या ऑफिसातून नवेच आलेले, माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्ट कागदावर उतरल्याशिवाय घडलीच नाही असं मानणारा. रबराची पावती घेऊन मलाही बसवलं होतं.

"काल खालचा रॅम तुम्ही लावलात?" साहेबांनी विचारलं.

"मीच लावला."

"किती वाजता?"

"नऊ दहाला. वहीत लिहिलंय ना."

"तेव्हा विहिरीत पाइप नव्हता?"

तात्याला प्रश्नाचा रोखच कळेना. "पाइप असताना कसा लावणार साहेब? रिकाम्यावरच लावायचा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पाइपाचा रॅम रिकाम्या विहिरीवर बंद करायचा नाही, हे रिगवरच्या स्वयंपाक्यालाही ठाऊक असतं. मिठीत कोणी नसलं की रबर पोकळीत घुसतं आणि फाटतं.

तासाभरात कागद तयार झाला. तात्याने आधी सही केली आणि मग वाचलं, ही त्याची जुनी खोड. त्यात लिहिलं होतं: 'फिटरने रिकाम्या विहिरीवर रॅम बंद केल्याचे कबूल केले.'

दुपारी तो स्टोअरमध्ये आला आणि त्याने आपली पान्यांची पेटी माझ्या टेबलावर ठेवली.

"जमा करून घे. मला तो बंद केल्याचं आठवतच नाही रे. रॅमच्या हँडलपाशी गेल्याचंही आठवत नाही. पण कबूल मीच केलंय, सहीपण माझी आहे." तो खुर्चीत बसला. "दादाचं असंच सुरू झालं होतं."

त्याचा दादा शेवटची चार वर्षं स्वतःच्या बायकोला 'आपण कोण' असं विचारायचा. तात्याने त्याला रोज अंघोळ घातली होती. त्यामुळे त्याला कशाची भीती वाटतेय हे मला वेगळं विचारावं लागलं नाही. पावतीपुस्तक संपलंय, असं मी धडधडीत खोटं सांगितलं आणि पेटी परत त्याच्या पायाशी ठेवली.

२

बुधवारी सकाळी मास्तरीणबाई आल्या. विहीर कशी आवरायची हे शिकवणारी एक शाळा असते, तिथे त्या शिकवतात, आणि कुठे बीओपीची भानगड झाली की तपासाला त्यांनाच पाठवतात. वय चाळिशीचं, केस बारीक कापलेले, खिशात कायम खडू. आल्या त्या साहेबांकडे न जाता थेट माझ्या स्टोअरमध्ये.

"भाऊ, तात्या कुठे आहेत?"

"मागे बसलाय. कालपासून बोल्टांवरचं तेल पुसतोय. मशीनकडे जात नाही."

त्या मागे गेल्या. तात्याने वर बघितलं आणि त्याचा चेहरा क्षणभर उजळला. वीस वर्षांपूर्वी या बाई नव्या नव्या रिगवर आल्या तेव्हा बाकीचे टिंगल करत होते, आणि हा एकटाच त्यांच्या हातात पाना देऊन म्हणाला होता, 'पोरी, हाताला काळं झाल्याशिवाय यातलं काही कळत नाही.'

"आलीस होय पोरी," तात्या म्हणाला. "माझाच तपास करायला आलीस."

"रबराचा तपास करायला आलेय," त्या म्हणाल्या. "तुमचं नंतर बघू."

फाटकं रबर आणि ठोकळा टेबलावर मांडला. आधी माझीच पाळी आली.

"भाऊ, जुना माल दिलात का?"

मला राग आला, लपवत नाही. मी पावती आपटली. रबरावर कोरलेला नंबर आणि पावतीवरचा नंबर एकच होता आणि माल तीन महिन्यांपूर्वीचा. त्या हसल्या. "रागावू नका, एक वाट बंद करायची होती."

मग त्यांनी ठोकळा उलटासुलटा करून पाहिला. "साहेबांच्या टिपणात दुसरी शक्यता आहे, की तात्यांनी ठोकळा उलटा घातला. हे वरचं रबर बघा, ठोकळ्याच्या पाठीवरचं. विहिरीचा दाब खालून येतो, ठोकळ्याला वर आणि मागून पुढे ढकलतो. म्हणजे विहीर जितकी चिडेल तितका हा घट्ट बसतो. उलटा घातला तर हे रबर खाली जातं आणि दाब वरून निसटतो. पण तेव्हा तोंडाचं रबर शाबूत राहतं. इथे पाठ शाबूत आहे आणि तोंड फाटलंय."

"म्हणजे रिकाम्यावर बंद केला हेच खरं," मी म्हणालो. माझा आवाज खाली गेला.

"कोणीतरी केला. दीड हजाराच्या दाबाने, आणि लगेच उघडला नाही. नाहीतर रबर इतकं लोंबत नाही." त्यांनी खडू खिशात टाकला. "ठोकळा आपणहून सरकत नाही. त्याला तेल लागतं. चला, तेल कुठे ठेवता ते दाखवा."

३

रिगपासून तीसेक पावलांवर एक पत्र्याची शेड आहे. तिथे माणसाच्या उंचीच्या पोलादी बाटल्या रांगेने उभ्या असतात. निम्म्या बाटलीत दाबलेला वायू आणि निम्म्यात तेल. पंप बंद पडला, दिवे गेले, तरी हा वायू तेलाला ढकलतो आणि रॅम बंद होतात. भिंतीवर एक गोल कागद फिरत असतो आणि त्यावर एक पेन बाटल्यांच्या दाबाची रेघ ओढत राहतं. त्या कागदाकडे कोणी ढुंकून बघत नाही. दर सकाळी नवा अडकवतात आणि जुना खिळ्याला टोचतात.

बाईंनी खिळ्यावरून सोमवारचा कागद काढला आणि उजेडात धरून रेघेवरून बोट फिरवलं. मग साहेबांना तिथेच बोलावून घेतलं.

"साहेब, झाकण उघडून ठोकळा काढायचा असेल तर आधी काय करतात?"

"बाटल्यांचा दाब उतरवतात. माणसाचा हात आत असताना रॅम हलला तर हात जाईल."

"बरोबर. तात्यांनी सोमवारी सातला दाब उतरवला. ही रेघ बघा. सातपासून अकरापर्यंत शून्य. अकराला सकाळपाळीने पंप सुरू केला, बारापर्यंत बाटल्या भरल्या. आता सांगा, नऊ दहाला रॅम कोणी आणि कसा बंद केला?"

साहेबांनी चष्मा काढून कागद जवळ धरला. शून्य दाबावर रॅम हलवायचा म्हणजे हाताने डोंगर ढकलण्यासारखं होतं.

"आणि इथे बघा," बाईंनी बोट ठेवलं. "दुपारी दोन वीसला रेघ थोडी खाली आली आणि सावरली. कोणीतरी तेल वापरलं. दोन तीसला पुन्हा तसंच. बंद केला, दहा मिनिटांनी उघडला. तात्या तेव्हा कुठे होते?"

"बायकोच्या डोळ्यांच्या तपासणीला," मी म्हणालो. "दहालाच गेला होता, चारला परत आला."

मला वाटलं, सुटला बिचारा. पण साहेब कागद हातात धरून तसेच उभे होते. ते बोलले तेव्हा त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

"बाई, मग हे जास्त वाईट आहे. या माणसाने रॅम बंद केलाच नाही, तरी केला म्हणून वहीत लिहिलं, वेळ टाकली, आणि माझ्यासमोर कबूलही केलं. हात चुकला असता तर समज देऊन सोडलं असतं. ज्याला घडलेलं आणि न घडलेलं वेगळं कळत नाही, त्याच्या हातात मी साठ माणसांचा जीव कसा देऊ?"

बाईंनी तो गोल कागद घडी न घालता आपल्या वहीत ठेवला.

४

दुपारच्या पाळीला खोदाईचं यंत्र चालवणारा ड्रिलर म्हणजे तात्याचा जावई. सगळी रिग त्याला जावईबापू म्हणते, तात्या सोडून. माणूस सालस, अबोल, आणि सासऱ्याला देवाच्या जागी मानणारा. सासऱ्याने सांगितलं सूर्य आज पश्चिमेला उगवला, तर हा खिडकी बदलून बसेल. रॅमची हँडलं त्याच्या केबिनमध्येही असतात.

आम्ही गेलो तेव्हा तो उभाच होता.

"माझ्याकडून झालं असं लिहा," आम्ही काही विचारायच्या आतच तो म्हणाला. "कालही साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, म्हणाले वहीत तात्यांचं अक्षर आहे."

"झालं म्हणून लिहू, की तुम्ही म्हणता म्हणून लिहू?" बाईंनी विचारलं.

बाईंनी केबिनभर नजर फिरवली. समोर भिंतीवर पांढरी पाटी होती, एका पाळीने दुसऱ्या पाळीसाठी निरोप लिहायची. गेल्या महिन्यातली मापं, कोणाचा तरी फोन नंबर, एक अर्धवट काढलेला कुत्रा, सगळं तसंच होतं. फक्त मध्ये एक हातभर पट्टी स्वच्छ होती.

"या पाटीला सहसा कोणी फडकं दाखवत नाही असं दिसतं," बाई म्हणाल्या. "मग एवढी एकच ओळ कोणी पुसली?"

जावयाने खाली बघितलं.

"बापू, दोन वीसला रॅम तुम्ही बंद केलात हे मला कळलंय. रिकाम्यावर करू नये, हे माझ्याच वर्गात शिकलायत. का केलंत तेवढं सांगा."

तो स्टुलावर बसला आणि हातमोजा उलटा-सुलटा करू लागला.

"तात्यांनी लिहून ठेवलं होतं. त्या पाटीवर. 'खालचा रॅम लावणे बाकी.' मी पाळीवर आलो, वाचलं. मनात आलं, रिकाम्यावर का? पण तात्यांनी लिहिलंय म्हणजे काही कारण असेल, नवं रबर एकदा दाबून बघायचं असेल. लावला, दहा मिनिटांनी उघडला."

"आणि मंगळवारी रबर फाटलेलं निघालं तेव्हा पाटी पुसलीत."

"हो." त्याचा आवाज बसला. "तात्यांचं घरी महिनाभर हेच चाललंय. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर. बायको रडते, म्हणते मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. त्यात त्यांनी अशी चुकीची सूचना लिहून ठेवली, हे सगळ्यांना कळलं असतं तर? मला नोकरीवरून काढा, चालेल. पण त्यांना तसं म्हणू नका."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण माझे डोळे भरून आले होते. पोराने जिवापाड सांभाळायचं म्हणून लपवलं, आणि लपवलं होतं तेच आता सासऱ्याला बुडवणार होतं. न केलेलं काम केलं म्हणून लिहिलं, आणि करू नये ते काम करा म्हणून लिहिलं. आता स्वतः तात्यानेही याच्यापुढे हात टेकले असते.

बाई मात्र त्या स्वच्छ पट्टीकडेच बघत होत्या. "ती ओळ पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "शब्द न शब्द."

"खालचा रॅम लावणे बाकी."

"भाऊ, साहेबांनी तात्यांना काय विचारलं होतं? तेही शब्द न शब्द."

मी सांगितलं. लावलात का, लावला, रिकाम्यावरच लावायचा. बाई ऐकता ऐकता उठल्या.

"तुमच्या स्टोअरमध्ये जुन्या नोंदवह्या आहेत ना? सगळ्या काढा."

५

संध्याकाळी पाचला साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण होतो. तात्या दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखा बसला होता. टेबलावर अकरा वह्या होत्या आणि त्यांची धूळ साहेबांच्या कागदांवर पडली होती.

"तात्या, एकच प्रश्न," बाई म्हणाल्या. "लावलेला रॅम नको झाला, तर तुम्ही काय करता?"

"काढतो," तात्या म्हणाला. "आणखी काय करणार?"

"बापू, तुम्ही?"

"उघडतो."

साहेबांनी तात्याकडे पाहिलं, मग जावयाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडायला लागलं.

"अकरा वर्षांच्या वह्या बघितल्या," बाई म्हणाल्या. "तात्यांच्या हातच्या नोंदी सगळ्या अशाच. 'लावला' आणि पुढे कधीतरी 'काढला'. फिटर आहेत ते. त्यांच्या हातात रॅम ही वस्तू असते, ती जागेवर बसवायची आणि काढायची. ड्रिलरांच्या नोंदी बघा. 'लावला', 'उघडला'. त्यांच्यासाठी रॅम म्हणजे दार. तात्यांनी सोमवारी सातला पाटीवर लिहिलं, की रॅम बसवायचा बाकी आहे. नऊ दहाला बसवून झाला, वहीत तसं लिहिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. बापूंनी दोन वाजता ती पाटी वाचली आणि दार समजून बंद केलं. साहेब, तुम्ही विचारलंत लावलात का, आणि कागदावर लिहिलंत बंद केला. त्या कागदात जे आहे ते तात्या कधी बोललेच नाहीत."

मला स्वतःचीच लाज वाटली. मी त्या दिवशी तिथेच बसलो होतो. घरी बायको दार लाव म्हणते तेव्हा मी चौकटीत नवं दार बसवत नाही, आणि भिंतीला फळी लाव म्हणते तेव्हा फळी बंद करत नाही. रोज बोलतो तो शब्द, आणि तिघांच्या कानांवरून तसाच गेला.

"सकाळपाळीच्या डोळ्यांसमोरच काम झालं होतं, म्हणून पाटीकडे कोणी बघितलं नाही," बाई पुढे म्हणाल्या. "ती पुसायची राहिली, एवढं तात्या विसरले. डॉक्टरकडे जायची घाई होती. तेवढं मीही विसरते."

साहेब उठले. ज्या कागदावर तात्याची सही होती तो त्यांनी घेतला, मधोमध फाडला आणि म्हणाले, "तात्या, चूक माझी आहे. मी नीट विचारायला हवं होतं." आजवर मी साहेबांना कागद फाडताना पाहिलं नव्हतं.

तात्याचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो बाईंकडे बघत होता.

"म्हणजे पोरी, मला आठवत नव्हतं, कारण ते झालंच नव्हतं?"

"झालंच नव्हतं तात्या."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. दोन दिवस तो माझ्या स्टोअरच्या मागे बसून स्वतःलाच निरखत होता, हे मला तेव्हा कळलं. आपल्या डोक्यात कुठे भोक पडलंय ते शोधत होता बिचारा. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण तो हात त्याने झटकला, कारण तोवर तो जावयाकडे वळला होता.

"रिकाम्यावर?" तो म्हणाला. "दहा मिनिटं? दीड हजारावर?"

जावई उभा राहिला. "तुम्ही लिहिलं होतं म्हणून..."

"मी उद्या लिहीन विहिरीत उडी मार. मारशील?"

"नाही."

"मग विचारायला काय झालं होतं? फोन होता ना?"

"वाटलं, विचारलं तर तुम्हाला वाटेल मी तुमच्यावर शंका घेतोय."

"घ्यायची!" तात्याचा आवाज केबिनबाहेर गेला असेल. "शंका घ्यायची. पाइपाच्या रॅमवर घ्यायची, सासऱ्यावर घ्यायची. अरे, तुझ्या लग्नाआधी सहा महिने, त्या पाणथळ जागेवरच्या विहिरीवर असंच रबर फाटलं होतं. पाच इंची रॅम, साडेतीन इंची पाइप, कोणी विचारलं नाही की मापं जुळतायत का. गुरुवार होता, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. चोवीस बोल्ट मी एकट्याने सोडले, त्यातला सातवा अडकला होता..."

तो थांबेना. अकरा वर्षांतल्या विहिरी, त्यांचे दाब, बोल्टांचे आकार, कोण कुठे उभं होतं, सगळं बाहेर येत होतं, आणि बाई एकेक जुनी वही उघडून त्याच्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत, बरोबर आहे अशी हळूच मान डोलवत होत्या. जावयाची मान खाली होती आणि खांदे हलत होते. मला वाटलं, बोलणी जास्तच लागली त्याला. मी तात्याला पुरे म्हणायला पुढे झालो.

जावयाने मला हाताने अडवलं. त्याचा सगळा चेहरा ओला झाला होता.

"बोलू द्या भाऊ," तो म्हणाला. "बोला तात्या. अजून बोला."